लावणीचे रचनाकार आणि अकलूजचा मंच

पारंपरिक मराठी लावणीच्या शेवटच्या कडव्यात रचनाकाराचे नाव गुंफलेले असते. कुठे होनाजी आणि बाळा ही जोडी येते, कुठे राम जोशी, कुठे सगनभाऊ, कुठे परशराम, कुठे पठ्ठे बापूराव. अभंगात संतांची नाममुद्रा जिथे उमटते, तीच ही जागा. उत्तर पेशवाईत रचलेल्या शेकडो लावण्या कोणाच्या, हे आज सांगता येते ते मुख्यतः या नावांमुळे. त्या काळी स्वरलिपीत गाणे उतरवून ठेवण्याची रीत नव्हती, ध्वनिमुद्रण नव्हते. रचना टिकली ती गाणाऱ्यांच्या कंठात. आणि कंठात कोणती टिकायची, हे ऐकणाऱ्यांच्या आवडीने ठरवले. बैठकीत रसिकाने एखादी लावणी पुन्हा मागितली, शेजारच्याला तिची गोडी लावली, दुसऱ्या गावच्या पार्टीकडे तिचीच फर्माईश केली, की ती आणखी एका पिढीपुरती जगली. मराठी मुलखात आवडत्या रचनाकारांची ओळख एकमेकांना करून देण्याची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत परिणामकारक पद्धत आहे.

सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, नीरा नदीकाठी वसलेले अकलूज या परंपरेच्या अलीकडच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. ऊस, साखर कारखाना, घोड्यांचा बाजार आणि जुना भुईकोट किल्ला ही गावाची सर्वपरिचित ओळख. आषाढीला निघालेली तुकोबांची पालखी इंदापूर, सराटी करत नीरा ओलांडून अकलूजला येते आणि इथे गोल रिंगण होते. मृदंग-टाळांचा हा वार्षिक वर्ग गावाला पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला आहे. त्याच गावात १९९० च्या दशकात सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली आणि पाहता पाहता लावणीच्या जगात 'अकलूज' या शब्दाला मानाचे स्थान मिळाले. संगीत बारीतल्या, म्हणजे थिएटरांत बारीबारीने मंचावर येणाऱ्या लावणी पार्ट्यांतल्या कलावंत अकलूजच्या स्पर्धेत उतरणे, तिथे नंबर येणे, याला आपल्या कारकिर्दीतला मोठा टप्पा मानू लागल्या.

अकलूज या कामी योग्य का ठरले, हे नकाशा पाहिला की कळते. आग्नेयेला पंढरपूर, तिथून पुढे सोलापूर, वायव्येला बारामती, त्याच दिशेने पुढे पुणे. मराठी शाहिरी कवितेचा निम्मा इतिहास या टापूत घडला. सोलापूर राम जोशींचे गाव. बारामती मोरोपंतांची कर्मभूमी, आणि मोरोपंतांचा व राम जोशींचा स्नेह मराठी वाङ्मयात प्रसिद्ध आहे. पंढरपुरात रुक्मिणीमातेचे पुजारी असलेल्या उत्पात मंडळींत लावणी गाण्याची परंपरा आहे. त्यांतले ज्ञानोबा उत्पात पारंपरिक लावण्यांचे मोठे जाणकार म्हणून ओळखले गेले. लावणीच्या अदाकारीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या सत्यभामाबाई पंढरपूरकर इथल्याच. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचा जन्मही पंढरपूरचा. माढा तालुक्यातले मोडनिंब तर संगीत बारीच्या कला केंद्रांसाठी महाराष्ट्रभर माहीत आहे. लावणी ऐकणारा, तिची नस ओळखणारा श्रोता या पट्ट्यात आधीच तयार होता. स्पर्धेने त्याला एका मांडवाखाली आणले.

लावणीच्या रचनाकारांना अभिजात म्हणायचे की लोककलावंत, हा वाद जुना आहे. शाहीर लोकांसाठी रचत होते, फडावर गात होते, दाद आणि बिदागी दोन्ही समोरच्या गर्दीतून घेत होते, हे खरे. पण त्यांच्या रचनांची घडण साधी नाही. चौकाची लावणी लांब पल्ल्याची असते. एकेका चौकात कडव्यांची विशिष्ट बांधणी असते, यमकांच्या साखळ्या असतात, चाल मधेच बदलते आणि पुन्हा पालुपदावर येते. बालेघाटी लावणी विरहाची, संथ लयीची, सूर लांबवत नेणारी. छक्कड त्याउलट आटोपशीर आणि चटपटीत. कलगी-तुऱ्यातली भेदिक लावणी अध्यात्मातले कोडे घालते आणि समोरच्या फडाने त्याचा उलगडा करायचा असतो. बैठकीची लावणी पिलू, खमाज, काफी, भैरवी अशा रागांच्या अंगाने फुलते आणि उत्तरेतल्या ठुमरीशी तिचे नाते सहज जुळते. एकच ओळ गायिका दहा वेळा घेते, दर वेळी तिचा अर्थ निराळा होतो, नजर, भुवई, मनगट त्या अर्थाच्या मागे चालतात. एवढे पेलणारी शब्दरचना करणारा कवी संगीताचा जाणकार असल्याशिवाय ते शक्य नाही. या शाहिरांना अभिजात रचनाकारांच्या पंगतीतच बसवले पाहिजे.

काळाच्या दृष्टीनेही ही पंगत मोठी आहे. पुण्यात होनाजी लावण्या रचत होता त्याच काळात कावेरीकाठी त्यागराज (१७६७–१८४७), मुथुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) आणि श्यामा शास्त्री (१७६२–१८२७) ही कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती रचना करत होती, आणि तिथल्या तंजावरच्या गादीवर भोसले घराण्यातले मराठी राजे होते. युरोपात बीथोव्हेनचा (१७७०–१८२७) काळही हाच. त्यागराजांच्या कृतीतही शेवटी त्यांचे नाव येते. फरक पुढे पडला. त्यागराजांची शिष्यपरंपरा अखंड राहिली, कृती लिहून ठेवल्या गेल्या, तिरुवैयारूला दर वर्षी त्यांची आराधना होते आणि शेकडो गायक एका सुरात त्यांच्या पंचरत्न कृती गातात. बीथोव्हेनने स्वतःच्या हाताने स्वरलिपी लिहिली. मराठी शाहिरांच्या वाट्याला यांतले काही आले नाही. त्यांचे शब्द उरले, नावे उरली. चाली मात्र गळ्यागळ्यांतून बदलत आल्या.

या रचनाकारांत सोलापूरकरांना सर्वांत जवळचे राम जोशी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू मुद्गल जोशी विद्वान पुराणिक. धाकट्याला ओढ तमाशाची. गावातल्या धोंडी शाहिराच्या फडात त्यांचा वावर सुरू झाला, त्याच्यासाठी ते लावण्या रचू लागले आणि त्यापायी त्यांना घर सोडावे लागले, असे परंपरा सांगते. पंढरपूरला जाऊन त्यांनी बाबा पाध्ये यांच्याकडे शास्त्राध्ययन केले. परत आल्यावर ते उत्तम कीर्तनकार झाले, पण लावणी सुटली नाही. एकाच माणसाने देवळात कीर्तन करावे आणि फडावर डफ-तुणतुण्याच्या साथीने लावणी गावी, ही त्या काळच्या सोलापूर-पुण्याला पचायला अवघड गोष्ट होती. राम जोशींनी ती करून दाखवली आणि दोन्हीकडे मान मिळवला.

त्यांच्या रचनेत ही दोन्ही घरे दिसतात. संस्कृत वृत्तांचा सराव असल्यामुळे त्यांची शब्दांवरची पकड विलक्षण आहे. लांबलचक समास ते ढोलकीच्या ठेक्यावर असे बसवतात की त्यांचा अर्थ न कळणाराही मान डोलावतो. मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदी अशा भाषा एकाच लावणीत आणण्याचा प्रयोग त्यांनी केला. तो केवळ चमत्कार नव्हता. सोलापूरचा बाजार तेव्हाही याच भाषांत बोलत होता, आजही बोलतो. शहराच्या कानावर रोज पडणारे बोलणे त्यांनी गाण्यात घेतले. शृंगार, वैराग्य, देवस्तुती, लोकांच्या ढोंगावर कोरडे, सारे त्यांच्याकडे आहे. वैराग्यपर रचनांत त्यांचा आवाज कीर्तनकाराचा होतो आणि शृंगारात तोच आवाज पूर्ण मोकळा सुटतो.

राम जोशींचे आणखी एक काम आहे. मोरोपंतांची आर्या पंडितांच्या दिवाणखान्यात मानली जात होती, पण सामान्य श्रोत्यापर्यंत ती पोचवली राम जोशींच्या कीर्तनांनी. मोरोपंत त्यांच्याहून वयाने वडील, वृत्तीने गंभीर, आयुष्यभर रामायण-महाभारतात रमलेले. तरी तमाशात वावरणाऱ्या या तरुण कवीचा त्यांनी दुस्वास केला नाही, उलट त्याच्या प्रतिभेची कदर केली. एका रचनाकाराने आपला आवडता रचनाकार लोकांना ऐकवावा, पुन्हा पुन्हा ऐकवावा आणि त्याची कविता घराघरात न्यावी, याचे मराठीतले इतके ठसठशीत उदाहरण दुसरे नाही. बारामती आणि सोलापूर यांच्या मधल्या वाटेवर असलेल्या अकलूजने आज शाहिरांची आठवण जागती ठेवावी, हे त्या इतिहासाला साजेसेच आहे.

पुण्याच्या होनाजीचा पिंड वेगळा. होनाजी सयाजी शिलारखाने हा जातीने गवळी, व्यवसाय दुधाचा, पण घराण्यात शाहिरी मुरलेली. बाळा करंजकर हा त्याचा जोडीदार. होनाजीने रचावे, बाळाने गावे, आणि छाप दोघांच्या नावाची पडावी. रचणारा आणि गाणारा यांनी एकमेकांचा इतका मान राखल्याची उदाहरणे कमीच. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात या जोडीला आश्रय मिळाला. लावणीला रागदारीची बैठक देण्याचे श्रेय परंपरेने होनाजीला दिले आहे. फडावरच्या ढोलकीच्या जागी त्याने तबला घेतला आणि बसून गाण्याच्या लावणीला वळण लावले, असे मानतात. त्याची भाषा राम जोशींसारखी झगमगत नाही. ती मऊ आहे, बायकांच्या बोलण्याच्या जवळची आहे, आणि विरहिणीच्या तोंडी ती फार खरी वाटते. पहाटे गायच्या त्याच्या भूपाळीने तर लावणीचे नावही न काढणाऱ्या घरांत प्रवेश मिळवला. देवघरापुढे ती म्हणणाऱ्या अनेक पिढ्यांना तिचा कर्ता तमाशाचा शाहीर आहे, हे ठाऊकही नव्हते.

बाकीच्यांपैकी प्रत्येकाचा सूर निराळा आहे. संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९) फटक्यांसाठी सर्वांना आठवतो. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. सिन्नरजवळच्या बावीचा परशराम शिंपी होता आणि विठ्ठलभक्त होता. त्याच्या रचनेत व्यवहारातले शहाणपण आणि साधेपणा आहे. प्रभाकर दातार मूळचा मुरूडचा, पुण्यात आला, गंगू हैबतीच्या फडासाठी त्याने रचना केल्या. सवाई माधवरावांच्या रंगाचा त्याचा पोवाडा पेशवाईतल्या वैभवाचे चित्र म्हणून इतिहासकारांनाही उपयोगी पडला. सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार, जेजुरीशी नाते सांगणारा. त्याच्या लावणीतला जोम आणि धार होनाजीपेक्षा अगदी वेगळी, आणि दोघांच्या फडांत चुरस होती. ब्राह्मण, गवळी, शिंपी, शिकलगार एकाच गानप्रकारात एकमेकांना ललकारत होते आणि श्रोते जात न पाहता आपापला शाहीर निवडत होते. त्या काळच्या समाजात अशी दुसरी जागा शोधून सापडणे कठीण.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि या शाहिरांचा आश्रय गेला. काही जण बडोद्यासारख्या संस्थानांकडे वळले. फड मात्र बंद पडले नाहीत. ते खेड्यापाड्यांतून हिंडू लागले, वगाची भर पडली आणि तमाशाला आज ओळखतो ते रूप आले. या नव्या काळाचा सर्वांत मोठा रचनाकार पठ्ठे बापूराव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्णीपण सोडून ते तमाशात आले आणि महार समाजातल्या कलावंत पवळाबाईंसोबत उभे राहिले. जातीने त्यांना बाहेर टाकले, लोकांनी डोक्यावर घेतले. मुंबईच्या थिएटरांत बापूराव-पवळा ही जोडी गाजली. गण, गवळण, लावणी, वग या सर्व अंगांत त्यांनी अमाप लिहिले. आज बैठकीत किंवा स्पर्धेत पारंपरिक म्हणून ज्या लावण्या गायल्या जातात, त्यांतल्या कितीतरी बापूरावांच्या असतात. त्यांचा शेवट हलाखीत झाला, ही मराठी माणसाने विसरू नये अशी गोष्ट आहे.

या रचना इथवर आणल्या त्या प्रामुख्याने गाणाऱ्या स्त्रियांनी. हे ठासून सांगावे लागते, कारण ग्रंथांत शाहिरांची चरित्रे आहेत आणि गायिकांना तळटीप मिळते. कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग, कळवात अशा समाजांतल्या या स्त्रिया. आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे लावणी जात असे. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना लावणी आईकडून मिळाली. त्यांच्या गळ्यात पठ्ठे बापूरावांपासून जुन्या शाहिरांपर्यंतचा साठा होता. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांच्या हयातीतच संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी लावणीचे सांगीतिक मोल शहरी श्रोत्यांपुढे नेटाने मांडले. त्याआधीच्या पिढीत गायिका सुंदराबाईंच्या ध्वनिमुद्रिकांनी लावणी घरोघर नेली. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'मधल्या पदांना चाली देण्यात याच सुंदराबाईंचा हात होता. बालगंधर्वांच्या तोंडून महाराष्ट्राने जे ऐकले, त्यामागे एका लावणी-ठुमरी गायिकेचे भांडार होते. त्याहीपूर्वी, १८८२ च्या 'सौभद्रा'त अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी-दिंडीबरोबर लावणीच्या चाली वापरल्या होत्या. नाट्यसंगीताच्या श्रीमंतीत शाहिरांचा वाटा आहे तो असा.

शब्द वाचवण्याचे काम संग्राहकांनी केले. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याच्या सोबतीने पोवाडे गोळा केले. १८९१ मध्ये तो संग्रह छापला गेला. शाहिरांच्या लावण्यांचेही संग्रह शाळिग्रामांनी काढले. १९५६ मध्ये म. वा. धोंडांचे 'मऱ्हाटी लावणी' आले आणि लावणीकडे गंभीरपणे पाहण्याची दृष्टी मिळाली. य. न. केळकरांनी अप्रसिद्ध लावण्या उजेडात आणल्या. जुन्या छापील संग्रहांत लावणीच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या लावणीची सुरुवात दिलेली असते. त्या काळच्या वाचकाला तेवढी खूण पुरेशी होती. आजच्या वाचकाला ती दुसरी लावणीही ऐकून माहीत नसते, त्यामुळे चाल हरवते आणि कागदावर नुसते शब्द राहतात. हे नुकसान पुस्तकाने भरून येणारे नाही. ते गळ्यानेच भरून काढावे लागते.

चित्रपटाने एका बाजूने मोठी मदत केली. १९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी' आणि १९५१ चा 'अमर भूपाळी' हे दोन्ही राजकमलचे चित्रपट, दोन्हींचे संगीत वसंत देसाईंचे. पहिल्यात जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांनी राम जोशींचा काळ उभा केला, दुसऱ्याने होनाजी आणि बाळा यांची नावे देशाबाहेर नेली. राम जोशी कोण, होनाजी कोण, हे महाराष्ट्रातल्या लाखो लोकांना या दोन चित्रपटांनी कळले. पुढे वसंत पवार, राम कदम यांच्या चाली, माडगूळकर-खेबुडकरांचे शब्द आणि सुलोचना चव्हाणांचा आवाज यांनी चित्रपटातली लावणी अमाप लोकप्रिय केली. त्या लावण्या गुणाच्या आहेत. पण त्यांच्या लाटेत जुन्या शाहिरांच्या लावण्या मागे पडत गेल्या. कला केंद्रात बसलेला श्रोताही चित्रपटातलीच लावणी मागू लागला.

कला केंद्रात हे कसे चालते ते पाहिले म्हणजे फर्माईशीचे वजन कळते. संगीत बारीची एक पार्टी म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या काही कलावंत, पेटी, तबला आणि ढोलकी वाजवणारे साथीदार आणि पार्टीची मालकीण. एका थिएटरात अशा अनेक पार्ट्या असतात आणि आपापली बारी आली की त्या मंचावर येतात. खासगी बैठकीत श्रोते समोर बसतात, लावणी मागतात, दौलतजादा करतात. पार्टीचे उत्पन्न त्यावर अवलंबून. समोरचा जे मागेल ते गाणे हा धर्म आणि पोटाचा प्रश्नही. जाणता श्रोता आला तर मालकीण जुन्या वह्या उघडते, एखादी वयस्क गायिका पुढे बसते आणि चौकाची लावणी संथ लयीत सुरू होते. तसा श्रोता आला नाही तर ती वही बंदच राहते. दहा वर्षे बंद राहिली तर तिच्यातल्या लावण्यांची चाल सांगणारे कोणी उरत नाही. रचनाकार कलावंतांच्या दुर्लक्षामुळे मरत नाहीत. ते मागणी आटल्यामुळे मरतात.

अकलूजच्या स्पर्धेचे मोल इथे आहे. तिने पारंपरिक लावणीला मागणी निर्माण केली. स्पर्धेत जुनी लावणी उठून दिसते, परीक्षक तिला दाद देतात, म्हणून पार्ट्या म्हाताऱ्या गायिकांकडे परत गेल्या, वह्या उघडल्या गेल्या, तालमी झाल्या. कला केंद्राच्या चार भिंतींत ओळखल्या जाणाऱ्या कलावंत हजारोंच्या समुदायापुढे, आपल्या नावाने, सन्मानाने उभ्या राहिल्या. सुरेखा पुणेकर, छाया-माया खुटेगावकर, राजश्री नगरकर अशी नावे याच काळात शहरी रंगमंचावर पोचली. नाट्यगृहांतल्या लावणीच्या कार्यक्रमांना कुटुंबे येऊ लागली, स्त्रिया येऊ लागल्या. पुढे भूषण कोरगांवकर आणि सावित्री मेधातुल यांच्या 'संगीत बारी' या कार्यक्रमाने शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावंतांची अदाकारी शहरी प्रेक्षकांसमोर जवळून आणली.

स्पर्धेच्या मंचाला मर्यादाही आहेत. बैठकीची लावणी दहा-वीस माणसांसाठी आहे. गायिकेची पापणी हलली तर ती पहिल्या रांगेतल्या माणसाला दिसली पाहिजे. हजारोंच्या मैदानात ते साधत नाही, तिथे पायांचा वेग आणि ढोलकीचा कडकडाट जिंकतो. ठरलेल्या वेळेत सादरीकरण बसवायचे म्हटले की चार चौकांची लावणी दोन चौकांवर येते. आणि काटछाट करताना बहुतेक वेळा शेवटचे कडवे जाते. शाहिराचे नाव तिथेच असते. निवेदक कलावंताचे नाव सांगतो, पार्टीचे सांगतो, गावाचे सांगतो. रचनाकाराचे नाव घ्यायचे राहून जाते. प्रेक्षकाने लावणी ऐकली, तिला शिट्टी दिली, पण ती राम जोशींची की बापूरावांची हे कळल्याशिवायच तो घरी गेला, तर पुढच्या वेळी तो नावाने काय मागणार?

ही उणीव दूर करायला खर्च लागत नाही. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत गायक राग सांगतो, ताल सांगतो, बंदिश सदारंगांची असेल तर तेही सांगतो. लावणीच्या प्रत्येक मंचावर तसेच व्हावे: रचनाकाराचे नाव, रचनेचा प्रकार, चाल कोणाकडून मिळाली त्या गुरूचे किंवा आईचे नाव. स्पर्धेच्या नियमांत नाममुद्रेचे कडवे गाळू नये, असे एक कलम घालता येईल. बैठकीच्या लावणीसाठी लहान दालनात वेगळी फेरी घेता येईल. म्हाताऱ्या गायिकांच्या गळ्यातल्या चाली ध्वनिमुद्रित करून त्यांच्या स्वरलिपी करण्याचे काम सोलापूर आणि पुण्याच्या विद्यापीठांनी हाती घ्यावे. आधी चालींचे ध्वनिमुद्रण व्हावे, शाहिरांच्या चरित्रांवर आणखी एक प्रबंध नंतर आला तरी चालेल. चरित्रे ग्रंथालयात सुरक्षित आहेत, गळे नाहीत. आणि सोलापूर शहराने आपल्या राम जोशींच्या नावाने वर्षातून एक दिवस असा ठेवावा की त्या दिवशी त्यांची लावणी आणि त्यांनी लोकप्रिय केलेली मोरोपंतांची आर्या एकाच मंचावर ऐकायला मिळेल. तिरुवैयारूने जे त्यागराजांसाठी केले ते सोलापूरला जड नाही.

उरलेला वाटा श्रोत्याचा. अकलूजला, मोडनिंबला, पुण्याच्या नाट्यगृहात किंवा गावच्या जत्रेत लावणी ऐकायला बसाल तेव्हा फर्माईश शाहिराचे नाव घेऊन करा: होनाजीची गा, राम जोशींची गा, सगनभाऊची येते का, बापूरावांची पूर्ण गा. आणि शेवटचे कडवे झाल्याशिवाय उठू नका.